चोर स्क्रूत निघाला

डीटम्बल, म्हणजे गरगरणाऱ्या उपग्रहाला स्थिर करणं, जमलं! झोपाळ्याच्या कडीला नायलॉनच्या दोऱ्यानं टांगलेला आपला 10 सेंमीचा डबा (क्यूबसॅट, म्हणजे चिमुकला उपग्रह) काल रात्री गरगर फिरवून सोडला, बी-डॉट (चुंबकीय क्षेत्र बदलताना दिसलं की त्या बदलाविरुद्ध कॉइलला पल्स द्यायला लावणारा प्रोग्राम) चालू केला, आणि तो मंदावत मंदावत जवळजवळ थांबला. आई म्हणाली, "मग आता झोपाळा परत बांध."

मागच्या नोंदीनंतरचे पाच आठवडे डबा उलट वेगच घेत होता. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला रेटून डबा थांबवणाऱ्या कॉइलमध्ये खोट नव्हती. 36 गेजचे 300 वेढे, 8 सेंमीची चौकट, 100 मिलिअँपिअर, म्हणजे 0.19 अँपिअर-चौरस मीटर इतकी चुंबकी ताकद. चालू असताना मधोमध क्षेत्र 400 मायक्रोटेस्लाच्या वर, पृथ्वीच्या दसपट! म्हणून कॉइल बंद करायची, थांबायचं, मगच मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर) वाचायचा. थांबणं 20 मिलिसेकंदांवरून 200 वर नेलं, तरी ढिम्म. आकडा दर वेळी 3-4 मायक्रोटेस्लांनी सरकलेला, आणि कुठल्या बाजूला ते आधीच्या पल्सवर ठरणार. बी-डॉटला वाटे डबाच फिरतोय; की मारला आणखी एक पल्स. मी मात्र ईपीएसच्या (वीजपुरवठ्याच्या सर्किटच्या) ग्राउंडिंगला शिव्या देत दोनदा फिल्टर बदलला.

परवा सेन्सर-बोर्ड उतरवताना एक स्क्रू ड्रायव्हरच्या चुंबकी टोकाला लोंबकळत वर आला. आजवर हे टोक किती सोयीचं म्हणून खूश होतो! 'स्टेनलेस' म्हणून ऑनलाइन घेतलेले चारही स्क्रू तसेच. प्रत्येक पल्सनंतर थोडं चुंबकत्व धरून बसायचे. हिस्टेरेसिस, दुसरं काय. पुण्याच्या सीओईपीतल्या विद्यार्थ्यांच्या 'स्वयम्' उपग्रहानं 2016 मध्ये हाच गुण मुद्दाम वापरला होता: चुंबक आणि हिस्टेरेसिसच्या कांड्या, वीज शून्य. माझ्याकडे तो फुकटात आणि नको तिथे आला.

बोहरी आळीतून पितळी एम3 (3 मिमीचे) स्क्रू आणले. (स्क्रू हातात घेऊन, चुंबक लावूनच घ्यावेत.) आकड्याची उडी आता अर्ध्या मायक्रोटेस्लावर आलीय. उरलेला संशय 18650 सेलच्या (नळीसारख्या बॅटऱ्यांच्या) पोलादी कवचांवर, तेव्हा पुढच्या आठवड्यात पोलादी कवच नसलेले पाउच सेल.

की सेन्सरच बाहेर काढू? इस्रोच्या आदित्य-एल1 यानानं मॅग्नेटोमीटर लांब ठेवायला 6 मीटरचा बूम (दांडा) उघडलाय, मला 15 सेंमी पुरे. मोजपट्टीचा तुकडा गुंडाळून ठेवला की आपोआप उलगडेल... थांबा, मोजपट्टी पोलादी! मग शिंप्याची फायबरची टेप? ती ताठ राहत नाही. पाउच सेल राहू देत, आधी पतंगाची कामटी लावून बघतो.