मेणाचं घर आणि पितळी साप

शरणपूर रोडच्या आमच्या प्रोटेस्टंट घरात यात्रा म्हटलं की जरा नाक मुरडलं जायचं. बाळ येशूची फेब्रुवारीतली यात्रा भरते नाशिकरोडला, म्हणजे घरापासून रिक्षाच्या अंतरावर, पण आईनं कधी तिकडं पाऊल टाकलं नाही. दहा आज्ञांतली दुसरी आज्ञा, मूर्ती करू नको आणि तिच्या पाया पडू नको, आम्हाला बाराखडीच्या आधी पाठ झालेली. पुढं लग्न झालं ते संगमनेरच्या कॅथलिक घरात. तिथून दरवर्षी काही मंडळी यात्रेला पायी निघतात. यंदा बायकोला सुट्टी मिळाली नाही, आणि तिच्या आत्यांनी मला पकडलं. "जावईबापू, तुमच्यात मेणबत्ती चालत नसेल, पण माणूस तरी चालतो ना?"

संगमनेर ते नाशिकरोड हे अंतर साधारण साठ-पासष्ट किलोमीटर. पुणे-नाशिक हायवेनं चालण्यात रम्य असं काही नाही. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात, टोपी उडते, तोंडात धूळ. भजन म्हणायला लागावं तर हॉर्न. पहिला मुक्काम नांदूर शिंगोटेच्या पुढं एका ओळखीच्या मळ्यात होता. कांद्याच्या वासात पिठलं-भाकरी झाली आणि मग मास्तरांनी बायबल काढलं. मास्तर म्हणजे निवृत्त शिक्षक. फादर गावात नसले की प्रार्थना तेच चालवतात. मला वाटलं, यात्रेचं वातावरण आहे, काहीतरी गोड वाचतील. त्यांनी वाचला पितळी साप.

गोष्ट बायबलच्या गणना पुस्तकातली. रानात इस्राएली लोकांना विषारी साप डसू लागले, तेव्हा देवाच्याच सांगण्यावरून मोशेनं पितळेचा साप करून खांबावर टांगला. त्याच्याकडं पाहील तो जगेल. मास्तर तिथं थांबले नाहीत. पानं उलटून थेट राजांच्या दुसऱ्या पुस्तकात गेले. मध्ये शतकं गेलीत, तो साप अजून जपून ठेवलाय आणि लोक त्याच्यापुढं धूप जाळतायत. हिज्कीया राजानं त्याचे तुकडे केले.

"कुणी करायला सांगितला होता तो?" मास्तरांनी विचारलं.

"देवानं," एक पोरगं म्हणालं.

"आणि फोडला तेव्हा देव रागावला का?"

पोरगं गप्प. आत्या मात्र पिशवी जवळ ओढून बसल्या.

त्या पिशवीत काय होतं ते दुसऱ्या दिवशी सिन्नरच्या अलीकडं कळलं. मेणाचं घर. दार, दोन खिडक्या, उतरतं छप्पर. सप्टेंबरात वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेतून आणलेलं. आत्यांच्या मुलानं पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतलाय. कर्जाचे हप्ते सुरू आहेत आणि ताबा मिळत नाही. म्हणून हे घर बाळ येशूपुढं ठेवायचं. दुपारच्या उन्हात त्याचं छप्पर एका बाजूनं खचायला लागलं होतं. आत्यांनी ते ओल्या पंच्यात गुंडाळलं. मग दर अर्ध्या तासानं थांबून पंचा भिजवायचा, हा आमचा कार्यक्रम झाला.

सिन्नरला चहावाल्यानं विचारलं, "साईबाबा तिकडं राहिले, तुम्ही इकडं कुठं?" मुंबईहून शिर्डीला जाणारे पदयात्री त्याच्या रोजच्या ओळखीचे. आम्ही बाळ येशूला निघालोय म्हटल्यावर त्यानं मान डोलावली. चहाचे पैसे मात्र घेतले नाहीत. चालणाऱ्याला या रस्त्यावर मान आहे. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरीला जाते तीही इकडूनच.

चहा पिताना मी मास्तरांना छेडलं. "तुम्ही साप फोडल्याची गोष्ट वाचता, आणि निघालात मूर्तीकडंच."

ते चिडले नाहीत. म्हणाले, "१५६३ साली आमच्या कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेनं लिहून ठेवलंय. प्रतिमेत देवपण किंवा शक्ती आहे असं मानायचं नाही, तिच्यावर भरवसा टाकायचा नाही. मान द्यायचा तो ज्याची प्रतिमा त्याला. आता आमचे लोक ते विसरतात, हे खरं. अहो, बाळ येशूची मूळ मूर्ती प्राग शहरातली, ती १६२८ मध्ये तिथल्या कार्मेली मठाला मिळाली. तीन वर्षांत सैन्य आलं, मठ लुटला, मूर्तीचे हात मोडले, वेदीमागं टाकून दिली. तिला स्वतःचे हात राखता आले नाहीत. ती तुमच्या फ्लॅटचा ताबा काय देणार?" शेवटचं वाक्य त्यांनी हळू आवाजात म्हटलं, पण आत्यांचे कान तिखट आहेत.

मोहदरीचा घाट उतरताना मला आमची आई आठवत होती. घरात मूर्ती नाही याचा तिला केवढा अभिमान! आणि पोराला ताप आला की हीच आई काळ्या पुठ्ठ्याचं बायबल त्याच्या उशीखाली सरकवते. उघडत नाही, वाचत नाही, नुसतं सरकवते. त्या पुस्तकाचा तिथं ताईतच झालेला असतो. आमच्या पुष्कळ मंडळींना वाटतं की मूर्तिपूजेविरुद्धचा इशारा म्हणजे कॅथलिक आणि हिंदू शेजाऱ्यांना पाठवायचं पत्र. पण तो पहिल्यांदा बोलला गेला देवाच्याच माणसांना, आणि त्यातला सर्वांत कडक भाग देवानं स्वतः दिलेल्या वस्तूंबद्दल आहे. पलिष्ट्यांशी पहिल्या लढाईत चार हजार माणसं पडली, तेव्हा इस्राएलांनी शिलो इथल्या पवित्रस्थानातून कराराचा कोश, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्यांची पेटी, मागवला. छावणीत असा जयघोष झाला की जमीन दणाणली. दुसऱ्या लढाईत तीस हजार पडले आणि कोशही शत्रूनं नेला. कोश खोटा नव्हता. त्याला पुढं केलं की देव आपल्या बाजूनं लढायला बांधला गेला, हा हिशेब खोटा होता.

यिर्मया संदेष्ट्याचंही तेच भांडण. लोक ‘परमेश्वराचं मंदिर, परमेश्वराचं मंदिर’ म्हणत निर्धास्त होते. तो म्हणाला, परक्याला, पोरक्याला, विधवेला छळणं थांबवा, आणि जाऊन उद्ध्वस्त शिलोचं काय झालं ते बघा. वस्तूची सोय हीच की ती उलट काही मागत नाही. देव मागतो.

शिंद्याचा टोलनाका, पळसे, चेहेडीला दारणेचा पूल. पायाला फोड आलेले, बोलणं संपलेलं. नाशिकरोडला शिरल्यावर मात्र करन्सी नोट प्रेसची आठवण होऊन मला हसू आलं. १९२८ पासून इथं नोटा छापतात. बायबलमध्ये प्रेषित पौलानं कलस्सै गावच्या ख्रिस्ती मंडळीला लोभ म्हणजेच मूर्तिपूजा असं सरळ लिहिलंय. त्या हिशेबानं गावातला सर्वांत मोठा मूर्तींचा कारखाना हाच.

यात्रेत गर्दी म्हणजे गर्दी. मराठी, इंग्रजी, कोकणी मिस्सांच्या, म्हणजे कॅथलिक उपासनांच्या, घोषणा, हरवलेल्या पोरांची नावं, हार, मेणबत्त्या, गाडीच्या काचेला लावायचे बाळ येशू. मी रांगेत उभा राहिलो, मेणबत्ती घेतली नाही. कुणी विचारलंही नाही.

आत्यांनी पंचा सोडला. घराचं छप्पर पार बसलं होतं, एक खिडकी बुजलेली. आत्या मूर्तीकडं न बघता डोळे मिटून बराच वेळ काहीतरी पुटपुटत होत्या. मग घर स्वयंसेवकाच्या टोपलीत ठेवलं आणि त्यालाच विचारलं, "याचं पुढं काय करता रे बाळा?"

"वितळवतात आजी. परत मेणबत्त्या."

"बरंय. वाया तरी जात नाही."

बाहेर येऊन उसाचा रस घेतला. आत्यांनी पिशवीच्या तळातून प्लास्टिकची फाईल काढून माझ्या हातात दिली. बिल्डरचा करारनामा, पावत्या, बँकेची पत्रं.

"जावईबापू, तुमच्या ओळखीचा वकील आहे म्हणता ना? उद्याच जाऊ. आणि मास्तरांना सांगा, मला ऐकू येत होतं."