रीफ टँकमध्ये आधी अल्कलिनिटी मोजा

रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरल (प्रवाळ) पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, कोरल मिटून बसलं, टोकं पांढरी पडली, बुडाकडून त्वचा सुटायला लागली, की बहुतेक जण आधी लाइट बदलतात. मग पंप हलवतात, मग कुठली तरी बाटली आणून ओततात. माझं म्हणणं असं, की हात पाण्यात घालण्याआधी अल्कलिनिटी मोजा. दगडी कोरलचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि त्यासाठी लागणारं बायकार्बोनेट ते दिवसरात्र पाण्यातून ओढत असतं. पाण्यातला तो साठा म्हणजे अल्कलिनिटी. भूगोलाच्या पुस्तकातली 'क्षारता' ती ही नव्हे. ती सॅलिनिटी, म्हणजे एकूण मिठाचं प्रमाण. या दोन शब्दांची गल्लत झाली की पुढची सगळी आकडेमोड चुकते.

कॅल्शियमही लागतंच, मग आधी अल्कलिनिटीच का? अल्कलिनिटी डीकेएच या एककात मोजतात. कोरल १ डीकेएच अल्कलिनिटी वापरतं तेव्हा त्यासोबत कॅल्शियम जातं साधारण ७ पीपीएम (दहा लाखांत ७ भाग). पाण्यात कॅल्शियम असतं ४२० च्या आसपास, त्यातले ७ गेले तर पाणी तपासायच्या किटवर फरकही दिसत नाही. अल्कलिनिटी मात्र ८ असते, त्यातला १ गेला म्हणजे आठवा हिस्सा गेला. साठा लहान असल्यामुळे बिघाड आधी इथेच उघडा पडतो. कॅल्शियम आठवड्यातून एकदा आणि मॅग्नेशियम महिन्यातून दोनदा मोजलं तरी भागतं. कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५० ठेवा. मॅग्नेशियम फार खाली गेलं तर कॅल्शियम आणि कार्बोनेट पाण्यातच एकमेकांना धरून खाली बसतात आणि कितीही डोस द्या, आकडे वर येत नाहीत.

मोजण्याआधी सॅलिनिटी बघून घ्या. ती ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग) हवी, २५ अंशांना विशिष्ट गुरुत्व साधारण १.०२६. मीठ पातळ झालं असेल तर अल्कलिनिटी, कॅल्शियम, मॅग्नेशियम तिन्ही एकदम खाली दिसतात, आणि माणूस तिन्हींचे डोस देत सुटतो. खरा दोष मिठाचा असतो. सॅलिनिटी मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्याला लावून पुरत नाही, ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर लावा. वाफ होऊन गेलेलं पाणी नेहमी गोड्या आरओ-डीआय पाण्यानं भरा, कारण उडतं ते पाणी, मीठ टँकमध्येच राहतं. पिण्याच्या पाण्याचा नुसता आरओ इथे चालत नाही. मागे उरलेसुरले क्षार काढणारं डीआय रेझिन हवंच आणि विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दिसायला हवं.

आता किट. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. थेंब मोजायचं किट असेल तर बाटली अगदी उभी धरा, तिरकी धरली की थेंबाचा आकार बदलतो. पाण्याची पातळी वाचताना मधला खोलगट भाग बघा, कडेला चढलेलं पाणी नाही. कुपी पांढऱ्या कागदासमोर धरून एकेक थेंब टाका आणि प्रत्येक थेंबानंतर हलवा. रंग आधी थेंब पडला तिथे क्षणभर बदलतो आणि हलवल्यावर मागे फिरतो. तो मागे फिरेनासा झाला की थांबायचं.

किटवरच शंका असेल तर ते घरी तपासता येतं. २.४ ग्रॅम शुद्ध सोडियम बायकार्बोनेट १ लिटर आरओ-डीआय पाण्यात विरघळवा, त्यातलं १०० मिली घेऊन पुन्हा १ लिटर करा. हे पाणी ८ डीकेएच दाखवायला हवं. किट ९ म्हणत असेल तर आकड्यातून १ वजा धरून चाला किंवा नवं किट आणा. ही खातरजमा प्रत्येक नव्या किटवर करावी असं मला मनापासून वाटतं, कारण पुढचे सगळे निर्णय याच आकड्यावर घ्यायचे आहेत.

टँकची रोजची भूक काढायची तर डोस बंद ठेवून तीन दिवसांच्या अंतरानं, दिवसाच्या त्याच वेळी दोनदा मोजा. समजा सोमवारी संध्याकाळी ८.६ आलं आणि गुरुवारी संध्याकाळी ७.४. म्हणजे १.२ गेलं, रोजचं ०.४. पाणी १ डीकेएच वर न्यायला लिटरमागे ३० मिलिग्रॅम खायचा सोडा (सोडियम बायकार्बोनेट) लागतो. टँकमध्ये खरं पाणी २०० लिटर असेल तर ०.४ साठी २.४ ग्रॅम. 'खरं पाणी' म्हणजे काचेच्या मापातून रॉक आणि वाळूची जागा वजा, सम्पचं, म्हणजे खालच्या फिल्टरच्या टाकीचं, पाणी अधिक. २५० लिटरच्या टँकमध्ये २५० लिटर पाणी कधीच नसतं.

सोड्याचं द्रावण लिटरला ८० ग्रॅम करा आणि रोज ३० मिली द्या. त्याच्या जोडीला कॅल्शियम क्लोराईड डायहायड्रेटचं लिटरला ७० ग्रॅमचं द्रावण, तेही रोज ३० मिली. हे दोन आकडे बरोबर जुळतात, म्हणून हीच तीव्रता सुचवतो. बेकिंग पावडर मात्र नको, तिच्यात आम्लाचे क्षार आणि स्टार्च असतो. दोन्ही द्रावणं वेगवेगळ्या वेळी, जोराच्या प्रवाहात, हळूहळू सोडा. एकाच जागी एकामागोमाग ओतली तर पाण्यात पांढरा धुरळा उठतो आणि दिलेलं सगळं वाळूत जाऊन बसतं. या पद्धतीत मागे मीठ उरत जातं, त्यामुळे सॅलिनिटी हळूहळू चढते. पाणी बदलताना त्यावर लक्ष ठेवा.

चुन्याची निवळी हा जुना आणि मला फार आवडणारा उपाय. लिटरला दीड ग्रॅम शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साईड, रंगकामाचा चुना नव्हे. ढवळून झाकून ठेवा, गाळ बसू द्या, वरचं नितळ पाणी घ्या. उघडं ठेवलं तर हवेतल्या कार्बन डायऑक्साईडनं त्यावर पातळ पांढरी साय धरते आणि तेवढा चुना वाया जातो. निवळी कॅल्शियम आणि अल्कलिनिटी योग्य प्रमाणातच देते आणि मीठही उरत नाही. २०० लिटरला २ लिटर निवळी साधारण १.१ डीकेएच देते, म्हणजे वरच्या टँकला रोज ७०० मिली पुरते. पण तिचा पीएच १२ च्या वर असतो. रात्री, पीएच उतरलेला असताना, थेंब थेंब सोडायची. ऑटो टॉप-ऑफच्या, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरून काढणाऱ्या यंत्रणेच्या, टाकीत भरणार असाल तर फ्लोट अडकून सगळी टाकी एका दमात रिकामी होऊ शकते, म्हणून त्या टाकीत एका दिवसापुरतीच निवळी ठेवा. डोळ्यांना आणि हातांना जपा.

भूक एकदम वाढलेली दिसली तर खूश होण्याआधी हीटर आणि पंप बघा. त्यांच्यावर पांढरी, बोटाला ओल्या वाळूसारखी खरखरीत लागणारी खपली असेल, तर अल्कलिनिटी कोरलनं नाही, हीटरनं खाल्ली आहे. डोस कमी करा, मॅग्नेशियम तपासा. पंप काढून पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवले की खपली सुटते. उलट भूक अचानक मेली तर ते जास्त गंभीर. कोरलची वाढ थांबलेली असते, ठरलेला डोस आपोआप देणारा डोसिंग पंप मात्र जुनाच डोस देत राहतो, आणि आठवडाभरात ८ चे जवळपास ११ होतात. अशा वेळी आधी डोस थांबवायचा, मग कारण शोधायचं. ॲक्रोपोरा या फांद्यांच्या दगडी कोरलची टोकं उघडी पडण्यामागेही पुष्कळदा हीच जोडगोळी असते, चढलेली अल्कलिनिटी आणि जवळपास शून्य नायट्रेट-फॉस्फेट. नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असू द्या. शून्याचा हट्ट धरला तर वर डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्म जीवांचा तपकिरी, बुडबुडे धरणारा चिकट थरही पदरात पडतो.

नव्या टँकला यातलं फारसं लागत नाही. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत चार ते सहा आठवडे थांबा, मग मशरूमसारखे मऊ कोरल ठेवा. त्यांना आठवड्याला १० टक्के पाणी बदल पुरतो. झोअँथिड हे बटणासारखे मऊ कोरलही याच काळात ठेवतात, पण त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं, म्हणून हातमोजे घाला आणि ते चिकटलेला रॉक कधीही उकळू नका. रोजचं मोजमाप सुरू करायचं ते दगडी कोरल आल्यावर.

पाणी बदलतानाही हिशेब करा. काही सॉल्ट मिक्स १२ डीकेएचला विरघळतात. तुमचा टँक ८ वर असेल तर १० टक्के बदलानं ०.४ चढतं, ते कोरल सोसतं. ३० टक्के बदललंत तर एका फटक्यात १.२ चढतं, आणि दिवसाला १ च्या वर हालचाल नको. पडलेली अल्कलिनिटी वर आणतानाही हीच मर्यादा. ६ वर सापडली तर रोजच्या भुकेचा डोस अधिक अर्धा डीकेएच, असं चार दिवस.