पाण्याच्या वाटा

हंगाम संपल्यावर बोट वर ओढून ताडपत्रीखाली ठेवली, की ती निवांत पडून आहे असा आपला समज होतो. ती काही नुसती पडून नसते. कुठे गंजत असते, कुठे वाळत असते, टाकीत तर चक्क काहीतरी वाढत असतं. नवा हंगाम तोंडावर आला आणि ताडपत्री दूर केली, की नाकाला भिडणारा तो कुबट, डिझेलचा वास म्हणजे पुढच्या तीन-चार सुट्ट्या गेल्याची वर्दीच.

पहिला हात हटकून रंगाच्या डब्याकडे जातो. रंगाचं काम दिसतं, बाकीचं दिसत नाही, म्हणून हा मोह. पण रंग उडाला म्हणून कुठली बोट बुडत नाही. आधी भोकं मोजावीत.

बोटीच्या तळाला भोकं असतात आणि ती आपणच हौसेने पाडून घेतलेली असतात. इंजिन गार ठेवायला एक, संडासाला दोन, बेसिनला एक, वेग मोजणाऱ्या यंत्राला आणखी एक. बहुतेकांवर एकेक झडप असते, तिला सीकॉक म्हणतात. २५ मिलिमीटर व्यासाचं भोक पाण्याखाली अर्धा मीटर असेल, तर मिनिटाला ५० लिटरच्या वर पाणी आत येतं. तळातलं पाणी उपसणारा ताशी २००० लिटरचा पंप म्हणजे मिनिटाला ३३ लिटर, तेही कागदावर. पाणी मीटरभर वर चढवायचं म्हटलं की आकडा आणखी घसरतो. हे गणित एकदा डोक्यात बसलं की माणूस आपोआप गुडघ्यांवर येऊन झडपा तपासू लागतो.

प्रत्येक झडपेचा दांडा पूर्ण बंद, पूर्ण उघडा, असा चार-पाच वेळा फिरवावा. अडला तर हातोडीने ठोकू नये. दांडा तुटतो आणि झडप तशीच राहते. गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर थांबावं, मग खोलून ग्रीस भरावं. धातूचा रंगही बघावा. साध्या पितळेची फिटिंग खाऱ्या पाण्यात राहिली की त्यातलं जस्त निघून जातं आणि मागे उरतं सच्छिद्र तांबं. खरवडलेल्या जागी पिवळ्याऐवजी गुलाबी झाक दिसली, तर ती फिटिंग बदलायची, घासाघीस नको. रबरी नळीला जागा असेल तिथे दोन क्लिपा हव्यात, स्टीलच्या. आणि क्लिपेची खालची बाजू हाताचं बोट फिरवून बघावी, गंज नेमका तिथे लपतो. झडपेशेजारी त्याच मापाचं निमुळतं लाकडी बूच दोरीने बांधून ठेवावं. दोरीनेच. कप्प्यात ठेवलेलं बूच अंधारात सापडत नाही.

बाहेरचं पाणी आत येऊ नये ही एक चिंता, आणि हवं तिथे ते पोचावं ही दुसरी. इंजिनला गारवा देणाऱ्या पंपात रबरी पाकळ्यांचं चक्र असतं, इम्पेलर. महिनोन्महिने एकाच जागी दाबून राहिलेल्या पाकळ्या वाकड्याच राहतात, मुळाशी चिरतात. तो दरवर्षी नवा घालावा. बसवताना ग्लिसरीन लावावं, पाकळ्या फिरण्याच्या उलट दिशेला वळलेल्या असाव्यात. जुन्याची एखादी पाकळी तुटलेली निघाली, तर खरं काम पुढेच आहे: तो तुकडा पाण्याच्या वाटेत पुढे कुठेतरी, बहुधा हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे इंजिनची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागाच्या, तोंडाशी अडकलेला असतो. तो काढला नाही तर नवा इम्पेलर घालूनही इंजिन तापतं आणि दोष मात्र नव्या इम्पेलरवर येतो. पाण्याशिवाय इंजिन गंमत म्हणूनही चालवू नये, कोरडा इम्पेलर मिनिटभरात जळतो.

डिझेलच्या टाकीतला शत्रू मात्र तळाशी बसलेला असतो. अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवा गार पडून पाणी साचतं. ते जड, म्हणून खाली. पाणी आणि डिझेल भेटतात त्या रेषेवर जंतू वाढतात आणि काळी शेवाळासारखी साय धरते. किनाऱ्याशी इंजिन उत्तम चालतं. लाटांत टाकी ढवळली की ती साय उठून फिल्टरमध्ये जाऊन बसते. इंजिन नेमकं नको तिथेच का बंद पडतं, त्यात नशिबाचा भाग फारसा नाही. फिल्टरखालच्या वाटीतून काचेच्या बरणीत डिझेल काढावं, तासभर ठेवावं. खाली पाण्याचा थर दिसला तर टाकी साफ केल्याशिवाय सुटका नाही.

आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेलं इंजिन, असेल तर गिअरचं तेल बघावं. दुधाळ चहासारखं निघालं, तर सील गेलं. पंखा काढून पाहिलं की दांड्याला गुंडाळलेली तंगूस बऱ्याचदा गुन्हेगार म्हणून सापडते. नवं तेल खालच्या भोकातून भरायचं, वरच्यातून बुडबुडे थांबून तेल येईपर्यंत. मग वरचा स्क्रू आधी, खालचा नंतर, दोन्हींना नवे वॉशर.

आता रंग. जुना अँटिफाऊलिंग, म्हणजे तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावलेला रंग, कोरडा घासू नये, धूळ विषारी असते. ओला घासावा, तोंडाला मास्क. पाण्याची रेघ आणि सुकाणूची पुढची कड इथे एक हात जास्त. ॲल्युमिनियमच्या बोटीला तांबं असलेला रंग लावू नये, धातू खाल्ला जातो. आणि उत्साहाच्या भरात ॲनोड, म्हणजे पाण्याखाली लावलेला धातूचा तुकडा, रंगवू नये! तो स्वतः झिजून पंख्याला वाचवायला ठेवलेला असतो. रंगवला की बसून राहतो. अर्धा झिजला असेल तर बदलावा. खाऱ्या पाण्याला जस्ताचा, गोड्याला मॅग्नेशियमचा.

बॅटरी रात्रभर सुटी ठेवून मोजावी, १२.६ व्होल्टच्या वर असली म्हणजे ठीक. हवेची लाइफ जॅकेटं हातपंपाने फुगवून दुसऱ्या दिवशी बघावीत, आणि गॅसची नळकांडी तराजूवर ठेवून तिच्यावर कोरलेल्या वजनाशी ताडावी.

उरलं तळाचं बूच, पाणी काढायचं ते. हंगामभर बंद असणारं, नंतर महिनोन्महिने काढून ठेवलेलं. ते इंजिनच्या किल्लीलाच बांधून ठेवावं, म्हणजे एक घेतलं की दुसरं हातात येतंच.

क्रेनने बोट पाण्यात टेकवली की पट्टे लगेच काढू देऊ नयेत. तळफळ्या उचलून, टॉर्च घेऊन, एकेक झडप उघडत आत बघावं. पंख्याच्या दांड्याचं जुन्या पद्धतीचं पॅकिंग दांडा फिरताना मिनिटाला दोन-तीन थेंब टाकतं, ते टाकू द्यावं. कोरडं करायला आवळलं तर दांडा तापून चरे पडतात. लाकडी बोट तर पहिल्या दिवशी सगळ्या सांध्यांतून पाझरते. वाळलेल्या फळ्या फुगून एकमेकींना भिडेपर्यंत तिच्याजवळ पंप घेऊन बसावं लागतं, रात्रीसुद्धा.