तीन ग्रॅम

आषाढातल्या एका दुपारी, बाहेर संततधार लागलेली असताना, मी माझ्या आरसी, म्हणजे रिमोटने उडवायच्या, छोट्या विमानाच्या पंखाचा सांगाडा वजनकाट्यावर ठेवला आणि काट्याने 89 हा आकडा दाखवला. आदल्या रात्री तोच सांगाडा 86 ग्रॅम भरला होता. मधल्या वेळात मी त्याला ना गोंदाचा थेंब लावला होता, ना एखादी काडी जोडली होती. तो नुसता खिडकीशेजारच्या फळीवर पडून होता. काटा बंद करून पुन्हा सुरू केला, पंख उलटा ठेवून पाहिला, तरी 89. सोफ्यावर पेपर वाचत बसलेल्या आबांनी मान वर न करताच निकाल दिला, "लाकूड हाय ते. पाऊस प्यालंय."

आबांनी हयातभर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या फौंड्रींसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यांच्यावरून ओतकामाचे साचे घेतात ते नमुने, केले, त्यामुळे लाकडाच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, रस साच्यात थंड होताना आकसतो, म्हणून त्यांच्याकडे एक वेगळीच पट्टी असे, जिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा एक अष्टमांश इंचाने मोठा होता. त्या पट्टीने माझी उंची मोजली की ती अर्धा इंच कमी भरे, आणि याचा मला लहानपणी फार राग येई. ज्या घरात बीड मणांवर मोजले जाई, त्या घरात मी आता बाल्सा नावाच्या अगदी हलक्या लाकडाच्या काड्या ग्रॅमवर मोजतो. तसे आमच्या गावालाच हलकेपणाचे कौतुक नाही. इथे पैलवान वजनदार, गुळाचा रवा (ढेप) वजनदार, पायातली चप्पलसुद्धा वजनदार असावी लागते. आणि एखाद्याला हलका माणूस म्हटले, तर त्याने ते स्तुती म्हणून घेऊ नये.

पंखाला मात्र हलकेपणाच शोभतो. माझा हा पंख 120 सेंटिमीटर लांब आणि 20 सेंटिमीटर रुंद आहे, आणि त्यात 2 मिलिमीटर बाल्साच्या बावीस फासळ्या आहेत. प्लायवूडचे दोन नमुने कापायचे, त्यांच्या मधे बाल्साचे बावीस तुकडे पत्त्यांच्या कॅटासारखे घालून बोल्टने आवळायचे आणि सगळा गठ्ठा एकदम पॉलिश पेपरने घासत न्यायचा, म्हणजे बावीसही फासळ्या एका आकाराच्या निघतात. अशी एक फासळी जेमतेम ग्रॅमभर भरते. तिला आणखी तीन भोके पाडून पंचवीस-तीस शतांश ग्रॅम वाचवण्याची मला खोड आहे. बावीस फासळ्यांचे मिळून सहाएक ग्रॅम वाचतात, आणि पुढच्या दोन संध्याकाळी सांधे जोडताना हात सैल सुटला, की तेवढ्याच वजनाचा गोंद पंखात जाऊन बसतो. हा हिशोब मला पाठ आहे, तरीही मी भोके पाडतोच.

सांगाड्यावर पातळ कागद चढवण्याचे काम मात्र मला मनापासून आवडते. त्याचे कारण दिवाळीतला आकाशकंदील. वसुबारसेच्या आदल्या रात्री आबा कामट्या तासून दोऱ्याने बांधत, आई मैद्याची खळ शिजवी, आणि आम्ही भावंडे पतंगी कागद चिकटवून बोटे लालनिळी करून घेत असू. चिकटवलेला कागद ढिला, सुरकुतलेला दिसे आणि आम्ही हिरमुसत असू. मग आबा तोंडात पाण्याचा घोट घेत आणि कपड्यांना इस्त्री करणारा परीट मारतो तशी बारीक फवारणी त्याच्यावर करीत. कागद आधी आणखीच लोळागोळा होई. पण सकाळी उठून टिचकी मारली, की तो हलगीसारखा वाजे. पुढे कितीतरी वर्षांनी मॉडेल विमानांच्या पंखावर टिश्यू ताणण्याची रीत वाचली, तेव्हा तिथेही पाणी फवारून कागद वाळू द्या असेच लिहिलेले होते. फरक इतकाच, की पंख वाळेपर्यंत सपाट पाटावर टाचण्यांनी जखडून ठेवावा लागतो, नाहीतर ताणलेला कागद पंखाला पीळ घालतो. कंदील वाकडा झाला तर कोणाचे काही बिघडत नसे.

गेल्या वर्षीचा पंख माझ्या याच खोडीपायी गेला. पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या वरच्या आणि खालच्या दांड्यांच्या, म्हणजे स्पारच्या, मधे लाकडाचे तंतू उभे राहतील अशा पातळ पट्ट्या बसवायच्या असतात. मी त्या फक्त मधोमध ठेवल्या आणि पुढे टाळल्या, कारण त्यात चार ग्रॅम वाचत होते. गावाबाहेरच्या माळावर, विमानतळापासून चांगले लांब, मी विमान सूर मारून खाली आणले आणि वर खेचले. त्याच क्षणी दोन्ही पंख नमस्काराला जोडलेल्या हातांसारखे एकमेकांना मिटले. तुकडे गोळा करून घरी आणले, तेव्हा आबांनी मोडलेला स्पार उजेडात धरून पाहिला. "आमच्या कास्टिंगमधी बी फासळ्या असत्यात," ते म्हणाले. "माल कमी करायचा, पर कुठला करायचा हे ठाऊक पायजे." नव्या पंखात त्या पट्ट्या टोकांच्या जवळपर्यंत आहेत.

तेव्हा प्रश्न त्या तीन ग्रॅमचाच उरला. पंख फ्रिजच्या पाठीमागच्या उबेला उभा करून वाळवला आणि मग कागद न चढवताच विमान तसेच जोडून, दोन बोटांवर तोलून पाहिले. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतर सोडून, म्हणजे साधारण सहा सेंटिमीटरवर, विमान आडवे स्थिर राहायला हवे. ते शेपटीवर बसले. बॅटरी याहून पुढे सरकायला जागाच नव्हती. आता नाकात वजन घालण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि तेही तीन ग्रॅमचे नव्हे.

आबा उठले, आतल्या खोलीत जाऊन त्यांच्या जुन्या पेटीत खुडबुडले आणि शिशाचा एक तुकडा घेऊन आले. तो त्यांनी तळहातावर दोनदा वरखाली केला. "चाळीस असंल." मी काट्यावर ठेवला. 41 भरला.

"शिसं पाऊस पीत न्हाई," म्हणून त्यांनी पुन्हा पेपर उघडला.