मामांच्या गुडघ्याएवढी पायरी

किल्लारीजवळच्या शेतात आम्ही चर खणायला गेलो तो १९९४चा उन्हाळा. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, ६.२ तीव्रतेच्या भूकंपात, इथला भ्रंश, म्हणजे जिच्या दोन्ही बाजूंची जमीन सरकते ती खोल भेग, थेट जमिनीवर उमटला होता. दक्षिणेकडचा भाग उत्तरेकडच्या भागावर चढला आणि शेतात मीटरभरही उंच नसलेली, तुटक पायरी तयार झाली. सगळी मिळून लांबी किलोमीटरभर. दख्खनच्या पठाराला अचल म्हणत आलेल्या आमच्यासाठी ही पायरी अमोल होती.

चराचं काम म्हणजे खणणं थोडं आणि भिंत साफ करणं फार. खुरप्याने तासायची, ब्रशने झाडायची, मीटरमीटरवर सुतळी ताणून चौकोन पाडायचे, मग एकेक चौकोन कागदावर उतरवायचा. तिसऱ्या दुपारी काळ्या मातीत तिरकी, चकचकीत, ओरखडे असलेली पाटी सापडली. वरिष्ठ म्हणाले, "हाच भ्रंश, लाल पेन्सिलने काढ." माझा हात चालेना. काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, पावसात फुगते, आणि तिचीच ढेकळं एकमेकांवर घासून असे आरसे तयार होतात. भ्रंश असेल तर तो खाली मुरमात उतरायला हवा. आणखी दोन फूट खणलं. मुरूम सलग. अशी घाई मला आजही सहन होत नाही.

बांधावर बसलेले शेतमालक मामा म्हणाले, "साहेब, तुमी भलत्याच जागी उकरायलाव. जमीन तिकडं उचलली होती. पेरायचं होतं, नांगर फिरवून सपाट केली."

त्यांचा काय दोष? घर पडलेलं, घरातली माणसं गेलेली. पायरीभोवती चार खुंट ठोकून दोरी बांधणं आमचं काम होतं. ते कोणी केलं नाही.

बारा पावलांवर दुसरा चर घेतला. तिथे मुरूम तुटून काळ्या मातीवर चढला होता. वीतभरच, पण खालचा थर वर पाहून माझ्या अंगावर काटा आला.

मुरमातली पायरी सेंटीमीटरपर्यंत मोजली. पण ती एकाच भूकंपाची, की जमीन आधीही कधी सरकली होती? त्यासाठी वरची, नांगरलेली पायरी हवी होती. खालची तिच्याहून मोठी निघाली असती, तर आधीच्या भूकंपाचा माग लागला असता.

"किती उंच होती, मामा?"

ते उठले आणि गुडघ्याच्या जरा खाली हात धरून उभे राहिले. मी तिथे टेप लावला, आकडा वहीत लिहिला. अहवालात तो घेतला गेला नाही. वही माझ्याकडे आहे.