तुम्ही विचारलंत म्हणून : किनारे सोडून गोव्यात काय पाहावे?

मी फोंड्याला राहत असल्यामुळे पुण्या-मुंबईच्या आणि कोल्हापूरच्या नातेवाइकांचा एक प्रश्न दर सुट्टीच्या तोंडावर ठरलेला असतो : "किनारे पाहून झाले, मंगेशीला जाऊन आलो, जुन्या गोव्यातली चर्चही पाहिली, आता तिकडे आणखी काय पाहण्यासारखे आहे?" माझे उत्तर त्यांना थोडे आडमुठेपणाचे वाटते. नवे काही शोधू नका. पाहिलेलेच पुन्हा पाहा, मात्र या वेळी एका क्रमाने, आणि मधल्या नद्या शक्य तिथे फेरीबोटीने ओलांडा.

क्रम का, ते सांगतो. पोर्तुगीजांचा गोवा एका मोहिमेत तयार झाला नाही. १५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकर्कने तिसवाडी, म्हणजे जुन्या गोव्याचा भाग जिंकला, १५४३ मध्ये शेजारचे बारदेस आणि साष्टी हे तालुके त्यांच्या हाती गेले, आणि पुढे दोन शतकांहून अधिक काळ त्यांची हद्द साधारण तेवढीच राहिली. फोंडा त्यांच्याकडे गेला तो १७६३ मध्ये. पेडणे, डिचोली, सत्तरी हे भाग १७८८ पर्यंत. पहिल्यांना जुन्या काबिजादी, म्हणजे आधी जिंकलेले प्रदेश, आणि नंतरच्यांना नव्या काबिजादी म्हणतात. सोळाव्या शतकात जुन्या काबिजादींत देवळे पाडली जात होती, तेव्हा जुवारी नदीपलीकडचा फोंडा आदिलशहाच्या अमलाखाली होता. म्हणून महाजनांनी, म्हणजे देवस्थानांच्या मानकरी कुटुंबांनी, आपले देव उचलून इकडे आणले. कुठ्ठाळीचा मंगेश १५६० च्या सुमारास प्रियोळला (आजच्या मंगेशीला) आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. एवढी मोठी देवस्थाने एकाच तालुक्यात इतकी जवळजवळ का, असा प्रश्न मंगेशीहून काही मिनिटांत म्हार्दोळला पोहोचलेल्या पाहुण्याला पडायला हवा. पण तोवर त्याचे लक्ष पार्किंगच्या जागेकडे गेलेले असते.

म्हणून सुरुवात जुन्या गोव्यापासून करावी. बॉम जेझूस बॅसिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे शव आहे आणि रांग त्यासाठीच असते, पण आत जाण्यापूर्वी बाहेरच्या भिंतीपाशी थोडे थांबावे. विसाव्या शतकात तिचा गिलावा काढून टाकला गेला, त्यामुळे आतला जांभा उघडा पडला आणि आपल्या पावसात तो झिजत राहतो. कोकणातल्या कोणत्याही घराच्या चिऱ्यात दिसणारा हाच दगड. लिस्बनहून आराखडे आले असतील, परंतु दगड इथल्याच खाणींचा होता, हे त्या उघड्या भिंतीवर जितके स्पष्ट कळते तितके आतल्या सोनेरी वेदीपुढे कळत नाही. दुपारनंतर कवळ्याला गेलात तर याची दुसरी बाजू दिसते. शांतादुर्गेचे आजचे देऊळ अठराव्या शतकात, शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांच्या पुढाकाराने उभे राहिले. फोंडा तेव्हा पोर्तुगीजांचा नव्हता, तरी घुमट आणि अर्धवर्तुळाकार कमानींच्या खिडक्या पाहता बांधकामाची ती रीत नदी ओलांडून आलेली दिसते. पाश्चात्त्य वळण आहे म्हणून या देवळांना कमी लेखणारे काही जाणकार मला भेटतात. मला त्यांचे म्हणणे पटत नाही.

मात्र एकाच दिवसाची सवड असेल, तर मी फोंड्याचाही आग्रह सोडतो आणि दिवाडीला पाठवतो. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट या बेटावर जाते. पोर्तुगीजांच्या कितीतरी आधी गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंब घराण्याचे आराध्यदैवत सप्तकोटेश्वर मूळचे इथल्या जुन्या नार्व्याचे. तिथले देऊळ पोर्तुगीजांनी पाडल्यावर देव नदीपलीकडे, आजच्या डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला नेण्यात आला. त्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला, त्याचा शिलालेख तिथे आहे. बेटाच्या दुसऱ्या टोकाकडून नार्व्याला जाणारी फेरी आहे, म्हणजे देव ज्या पाण्यावरून गेला ते पाणी तुम्हीही ओलांडता. नार्व्याचे देऊळ आकाराने लहान आहे आणि बहुतेक सहली ते टाळतात; मराठी माणसांच्या सहलीसुद्धा टाळतात, याचे मला अजून नवल वाटते.

निसर्ग पाहायचा तो याच वाटेवर पाहावा, त्यासाठी वेगळा दिवस नको. दिवाडीवरची सखल शेते ही खाजन जमीन आहे : खाडीचे खारे पाणी मातीच्या बांधांनी अडवून मिळवलेली, आणि पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीची. बांधात 'मानस' असते, म्हणजे लाकडी झडपांचे दार. भरतीचे पाणी चढले की त्याच्याच दाबाने ते मिटते आणि ओहोटी लागली की आतले पाणी बाहेर सोडते. अशा जमिनीत कोरगुट नावाचे खारे पाणी सोसणारे भात पिकत आले आहे. बांध राखण्याचे काम गावकऱ्यांच्या संस्थांचे होते, ज्यांना पोर्तुगीजांनी कोमुनिदाद म्हटले. शेती सुटली की बांधाकडे दुर्लक्ष होते, तो फुटतो आणि शेतात खारफुटी शिरते. पर्यटकाला ती हिरवळ सुंदर दिसते, शेतकऱ्याला नाही. खारफुटी तिच्या हक्काच्या जागी पाहायची असेल तर शेजारच्या चोडण बेटावर सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. तिथे हिवाळ्यात, सकाळी लवकर जावे.

किनाऱ्यांविषयी मी आपणहून काही सांगत नाही, कारण तिथे जायला कोणाला माझी गरज पडत नाही. तरी जाणारच असाल, तर काणकोणच्या गालजीबागला जा. तिथे थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, म्हणून रात्री वाळूवर विजेऱ्या नेऊ नयेत. आणि पावसाळ्यात लाल बावटा लागलेला असताना, गोव्यातल्या कोणत्याही किनाऱ्यावर, गुडघाभर पाण्यातसुद्धा उतरू नये.