अलेक्झांड्रा पॅलेसची ब्रांच लाइन

लंडनच्या उत्तरेला हायगेटपासून अलेक्झांड्रा पॅलेसपर्यंत (हा राजवाडा नव्हे, लोकांच्या करमणुकीसाठी बांधलेली भलीमोठी इमारत) रेल्वेची एक छोटीशी ब्रांच लाइन होती, जेमतेम दोन मैलांची. ती पॅसेंजर मिळेनात म्हणून बंद पडली असं सरसकट सांगितलं जातं आणि ते मला अजिबात पटत नाही, कारण या लाइनला धड सलग चालूच दिलं नाही कुणी.

सुरुवातच बघा ना. २४ मे १८७३ ला पॅलेस आणि रेल्वे एकाच दिवशी सुरू झाले आणि ९ जूनला पॅलेस जळून खाक! मग गाड्या कुणासाठी सोडायच्या, त्याही बंद, त्या परत धावल्या १८७५ च्या मे महिन्यात, पॅलेस नव्याने बांधून झाल्यावर. पुढेही पॅलेसची पैशांची बोंब झाली की रेल्वेला फटका बसायचाच.

नंतर या लाइनवरच्या मसवेल हिलला वस्ती वाढली, १९०२ मध्ये क्रॅनली गार्डन्स स्टेशन झालं, आणि सहलीची गाडी हळूहळू नोकरदारांची झाली. १९३५ च्या प्लॅनमध्ये तर ही लाइन इलेक्ट्रिक करून ट्यूबच्या, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेच्या, नॉर्दर्न लाइनला जोडायचं ठरलं, कामही सुरू झालं, ट्यूबच्या नकाशावर ती 'काम चालू' म्हणून छापूनसुद्धा आली. पण महायुद्ध आलं आणि सगळं जागच्या जागी थांबलं. युद्धात गाड्या फक्त सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळेला उरल्या, म्हणजे दुपारी कुठे जायचं तर बसच. त्यात १९५१ च्या ऑक्टोबरमध्ये कोळसा नाही म्हणून दोनेक महिने पूर्ण बंद. एकदा बसची सवय लागली की माणूस कशाला परत येतोय? शेवटची पॅसेंजर ३ जुलै १९५४ ला गेली. मालगाड्या अजून थोडी वर्षं चालल्या, मग रूळही काढले.

आता त्या मार्गाच्या बऱ्याचशा भागावर पार्कलँड वॉक नावाची पायवाट आहे. सेंट जेम्सेस लेनवरचा सतरा कमानींचा विटांचा पूल अजून भक्कम उभा आहे, वरून चालताना झाडांच्या फटीतून अख्खं लंडन दिसतं. हायगेटला खाली ट्यूब चालू, आणि वर खोदलेल्या खड्ड्यात जुना प्लॅटफॉर्म झाडीत तसाच पडून, बाजूच्या बोगद्यांत वटवाघळं राहतात. मसवेल हिल स्टेशनच्या जागेवर आता प्राथमिक शाळा आहे. एवढ्या वस्तीला आजही स्वतःचं स्टेशन नाही, लोक डब्ल्यू-सेव्हन बसने फिन्सबरी पार्कला जातात आणि तिथून ट्यूब पकडतात.